मशीनला काय कळतंय!

आमचे नाना एटीएममधून आलेल्या नोटा तिथेच उभे राहून दोनदा मोजतात. मागच्या रांगेतून कुणी ‘अहो, मशीन चुकत नाही’ म्हणालं, की ‘विश्वास पानिपतातच गेला’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत सगळं पाठ असल्यामुळे किराणावाल्याच्या कॅल्क्युलेटरची बेरीज ते तोंडी तपासतात, मगच पाकीट बाहेर काढतात. पण नाना डॉक्टरांचं निदानही तपासतात आणि आलेल्या लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखनही. यंत्राशी त्यांचं खास वैर असं काही नाही.

मालूमावशीचं उलटं. नकाशातली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाली, की समोर म्हशींचा गोठा दिसत असला तरी मावशी ड्रायव्हरला वळायला लावते. ‘ती सांगतेय म्हणजे असेल काहीतरी!’ हीच मावशी भिशीचे पैसे देताना वहीत नोंद झाली की नाही, हे कधी बघत नाही.

आणि मेव्हणा? ताम्हिणी घाटाचा रस्ता त्याला पाठ आहे, तरी तो मॅप लावतो. वाटेत कुणाला तरी खोटं पाडल्याशिवाय त्याचा प्रवास होत नाही. मॅप नसला तर ती पाळी माझ्यावर येते, म्हणून मीच आठवणीनं लावून देतो.

माणूस माणसांशी जसा वागतो तसाच यंत्राशी वागतो, हे शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिलंय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वाळवंटात अडकलो तर कोणत्या वस्तू आधी जपायच्या, याचा क्रम कॉम्प्युटरच्या मदतीनं लावायचा. एक कॉम्प्युटर ठासून सांगणारा, दुसरा ‘असं केलं तर?’ म्हणून बिचकत सुचवणारा. माहिती दोघांची एकच. हुकूमत गाजवणाऱ्या माणसांना ठासून बोलणारा आवडला, पडखाऊ माणसांना बिचकणारा. वाळवंटातसुद्धा माणूस आपल्या स्वभावाचाच सोबती शोधतो.

चुकांचा हिशोब मात्र माणसाचा आणि यंत्राचा वेगळा. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की गणिती सूत्राचा अंदाज एकदा चुकलेला पाहिला की लोक ते सूत्र सोडून माणसाच्या अंदाजाकडे वळतात. माणूस त्याहून जास्त चुकत असला तरी. शिशुपालाला शंभर अपराध माफ होते, यंत्राला एकही नाही.

आता आलेले चॅटबॉट मात्र जास्त मुरलेले आहेत. मावशी त्यांना आधी नमस्कार करते आणि उत्तर वाचून झालं की आशीर्वाद देते. तिच्याशी ते अगदी लाघवी बोलतात. मेव्हण्यानं परवा एकाशी रात्री उशिरापर्यंत वाद घातला. पानशेतचं धरण फुटलं ते १९६१ साली. मेव्हणा १९६२ वर अडून बसलेला. दोनदा त्या बिचाऱ्यानं बरोबर साल सांगितलं. तिसऱ्यांदा मेव्हण्यानं आवाज चढवल्यासारखं टाइप केलं, तेव्हा उत्तर आलं: ‘क्षमस्व, तुमचं म्हणणं बरोबर आहे.’

तेव्हापासून मेव्हणा सगळ्यांना सांगत सुटलाय, की यंत्र आता खरंच हुशार झालंय. मला वाटतं, त्याला मेव्हणा कळलाय.