सहीपुरता प्रयोग

नाटकाला निघताना आमच्या शेजारच्या काकांच्या खिशात तीन पेनं असतात. निळं तिकिटासाठी, जाड काळं पोस्टरसाठी, आणि कलाकाराने सही करून पेन स्वतःच्याच खिशात टाकलं तर तिसरं.

काका सही घेतलेली तिकिटं आणि पोस्टरं जमवून फ्रेम करतात, तीही फक्त विनोदी एकपात्री प्रयोगांची. त्यांचा हिशेब पक्का आहे. एरवीच्या नाटकात सात-आठ जण असतात, त्यातला एक तरी पडदा पडताच शूटिंगला पळतो आणि फ्रेम जन्मभर अपुरी राहते. एकपात्रीत एक माणूस गाठला की अख्खा नटसंच हाती! 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. काकांकडे त्या प्रयोगाचं सही केलेलं तिकीट आहे. "बावन्न जणांत मिळून एकच सही पडली हो," एवढीच त्यांची खंत.

दारावरचा माणूस तिकीट फाडतो तेव्हा काकांचा चेहरा बघवत नाही. "रेघेवरून हं, रेघेवरून!" मागची रांग खोळंबलेली. आत गेल्यावर खुर्ची कडेचीच हवी. शेवटच्या विनोदाला सभागृह लोटपोट होत असतं, तेव्हा काका पायाने चपला चाचपत असतात. हसत बसलं तर मेकअप रूमपर्यंत सहावा नंबर लागतो. त्यांनी शोधलेलं एक शास्त्रही आहे: कलाकाराला बटाटावडा खाताना गाठावं. तोंडात घास असला की नाही म्हणता येत नाही.

हल्ली तिकीट मोबाइलवर येतं. काका त्याची प्रिंट काढून नेतात आणि क्यूआर कोडशेजारी सही मागतात. एकदा खिडकीवर छापील तिकीट मिळालं, गुळगुळीत कागदाचं. असल्या तिकिटांवरची अक्षरं उडतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून काका सहीसकट लॅमिनेशन करून घ्यायला गेले. तो थर्मल कागद; छपाईच मुळी उष्णतेने होते. मशीनमधून तिकीट बाहेर आलं ते तव्यावर विसरलेल्या पोळीसारखं काळंकुट्ट. ते तिकीटही भिंतीवर आहे. तिरक्या उजेडात एक वेलांटी दिसते म्हणतात. मला अजून दिसलेली नाही, पण चहा मिळेपर्यंत मी "हो हो, दिसली" म्हणतो.

मात्र काकांचा प्राण अडकलाय तो 'बटाट्याची चाळ'च्या जाहिरातीच्या एका पत्रकात. पुलंनी हा एकपात्री प्रयोग १९६१ साली सुरू केला, तेव्हा काका पाळण्यात होते. पत्रक त्यांनी एका रद्दीवाल्याकडून आठशेला घेतलं. कोपऱ्यात पुलंची सही. आल्यागेल्याला दुरूनच दाखवतात, हात लावू देत नाहीत.

परवा काकू फ्रेमवरची धूळ पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या, चष्मा वर केला.

"अहो, सहीखाली १२ मार्च २००३ लिहिलंय. पुलं तर २००० च्या जूनमध्येच गेले ना?"

काका उठले, फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "समजलो त्याहून दुर्मिळ आहे."