श्री. व सौ. एकदाचे

पॅरिसच्या तूर्नेल घाटावर रोज संध्याकाळी एक जोडपं येरझाऱ्या घालताना दिसतं. जोडपं रोज वेगळं, येरझाऱ्या त्याच. नवऱ्याच्या अंगात पुतण्याच्या लग्नात शिवलेला कोट, बायकोच्या पायात आजच पहिल्यांदा घातलेले बूट. टेबल साडेसातचं आहे आणि वाजलेत पावणेसात. लवकर आत गेलं तर अडाणी दिसू, लांब गेलं आणि उशीर झाला तर टेबल जाईल. म्हणून दोघं पुलापर्यंत जातात आणि परत येतात. समोर सेन नदीपलीकडे नोत्र दाम उभं असतं. २०१९ च्या आगीनंतर साडेपाच वर्षांहून जास्त काळ बंद राहून २०२४ च्या डिसेंबरात उघडलेलं हे चर्च बघायला जग लोटतं. या दोघांची मात्र त्याच्याकडे पाठ असते. ती माना वर करून एका इमारतीचा वरचा मजला न्याहाळत असतात.

यांचं आडनाव आपण ‘एकदाचे’ ठेवू.

ओहायोचा दातांचा डॉक्टर, ओसाकाहून मधुचंद्राला आलेली जोडी, फ्रान्सच्याच कुठल्याशा गावच्या बँकेतून निवृत्त झालेला कारकून, मधूनच एखादे ठाण्याचे इंजिनीअर. मुलूख वेगळे, कूळ एकच. आयुष्यात एकदाच येणार म्हणून एकदाचे. आणि इतकी वर्षं ‘जायचं, जायचं’ म्हणत शेवटी आले एकदाचे, म्हणूनही एकदाचे. खरा श्रीमंत माणूस या कुळात जन्माला येत नाही. तो अर्धी बशी तशीच टाकून उठतो. एकदाचे पावाच्या तुकड्याने बशी अशी पुसतात की विसळणाऱ्याला वाटावं, ही वापरलीच नाही.

तो वरचा मजला ‘ला तूर दार्जां’चा. अर्थ चांदीचा मनोरा. नावात तूर असली तरी डाळीशी संबंध नाही. आपला जन्म १५८२ सालचा, असं हे रेस्टॉरंट स्वतःच सांगतं, आणि एवढ्या म्हातारीला जन्माचा दाखला मागायला जाणार कोण? पण तिची खरी कीर्ती झाली ती बदकामुळे. १८९० साली फ्रेदेरिक देलेर या मालकाने एक युक्ती काढली. रक्ताच्या सॉसमध्ये शिजवलेलं बदक पॅरिसात इतरत्रही मिळत होतं; याने प्रत्येक बदकाला नंबर दिला आणि तो नंबर छापलेलं कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं. त्याच साली ब्रिटनच्या युवराजाने, पुढच्या सातव्या एडवर्डने, ३२८ नंबरचं बदक खाल्लं. १९२१ मध्ये जपानचे युवराज हिरोहितो यांच्या वाट्याला ५३,२११ नंबर आला, चार्ली चॅप्लिनच्या वाट्याला २,५३,६५२. २००३ मध्ये दहा लाखावं बदक टेबलावर आलं.

एकदाचे या रांगेत लागायला आलेले असतात. एडवर्ड, हिरोहितो, चॅप्लिन आणि मग आपण. रांग एकच, फक्त जरा मागे उभं राहायचं.

तयारी दीड वर्षाची असते. कपाटात एक डबा, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर ‘पॅरिस’. चित्रपट, नवा टीव्ही, गुडघ्याची तपासणी, जे जे रद्द होईल त्याचे पैसे त्या डब्यात. पॅरिसच्या बड्या रेस्टॉरंटांत वाइनशिवाय माणशी चार-पाचशे युरो सहज उडतात, हे कळल्यावर एकदाचे त्या रकमेला घासांच्या अंदाजे संख्येने भागून बघतात आणि कागद फाडून टाकतात. मग अभ्यास. मेन्यू इंटरनेटवरून उतरवून पाठ होतो. कुठला काटा आधी उचलायचा, याची रंगीत तालीम घरच्या टेबलावर वरणभात, बटाटा किंवा नूडल्स यांच्यावर, ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे.

अभ्यासात मिशेलॅं गाइड येतंच. टायर विकणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांना फुकट वाटलेली ही पुस्तिका. लोक हिंडतील तितके टायर झिजतील, असा सरळ हिशेब. पुढे तिच्यात तारे आले: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, तीन तारे म्हणजे त्यासाठीच मुद्दाम प्रवास करावा असं. तूर दार्जांचा तिसरा तारा १९९६ मध्ये गेला, दुसरा २००६ मध्ये. म्हणजे नियमाने बघितलं तर या जागेसाठी वाट वाकडी करायचंही कारण उरत नाही. एकदाचे हा मजकूर वाचतात आणि पान उलटतात. देवस्थान जागृत आहे की नाही, हे टायरवाल्यांनी सांगायचं का?

साडेसात वाजतात. लिफ्ट वर जाते. खुर्ची मागे सरकते, पुढे सरकते, आणि सौ. एकदाचे बसायच्या आत त्यांच्या शेजारी एक बुटकं स्टूल येतं. ते कोणासाठी हे त्यांना कळत नाही. लहान मूल येणार असावं असं वाटून त्या हसऱ्या चेहऱ्याने दाराकडे बघतात. वेटर अदबीने त्यांची पर्स उचलतो आणि स्टुलावर ठेवतो. रात्रभर पर्स त्यांच्यापेक्षा आरामात बसते.

मग मेन्यूकार्डं येतात. जुन्या बड्या फ्रेंच रेस्टॉरंटांचा रिवाज असा की यजमानाच्या कार्डावर किमती असतात, पाहुण्याच्या कार्डावर नसतात. पाहुण्या म्हणजे अर्थातच बाईसाहेब. १९८० साली लॉस एंजलिसच्या एका फ्रेंच रेस्टॉरंटवर यावरून भेदभावाचा दावाही झाला होता. तिथे पैसे बाई देणार होत्या आणि किमती मात्र त्यांच्यासोबतच्या पुरुषाला दाखवल्या होत्या. श्री. एकदाचेंचा त्रास उलट आहे. बायकोच्या हातात निर्धास्तपणा, यांच्या हातात आकडे.

“अहो, हे घेऊ या का? नाव किती गोड आहे.”

“ते जड पडतं.”

“पोटाला?”

“पोटालासुद्धा.”

वाइनची यादी ही पुढची ठेच. सुमारे चारशे पानं, वजन आठेक किलो. तळघरात तीन लाखांच्या आसपास बाटल्या. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसात शिरण्यापूर्वी मालकांनी यातल्या निवडक बाटल्या विटांच्या भिंतीआड चिणून वाचवल्या, ही गोष्ट एकदाचेंना पाठ असते आणि ती सोमेलिएला सांगायचीही त्यांची तयारी असते. सोमेलिए म्हणजे वाइनचा जाणकार वाढपी. तो शेजारी येऊन उभा राहिल्यावर मात्र गोष्ट घशात अडकते. ते यादीत बोट घालतात. घरी ठरवलेलं पान सापडत नाही. शेवटी बोट जिथे थांबतं तिथली किंमत आधी बघून, मग नाव वाचल्यासारखं करून ते मान डोलावतात. सोमेलिए म्हणतो, “उत्तम निवड.” हे दोन शब्द पुढे वीस वर्षं टिकतात.

बाटली येते, उघडते, पेल्यात घोटभर पडते आणि सोमेलिए थांबतो. एकदाचे त्या घोटाकडे बघतात. एवढ्या पैशात एवढीशीच? चव बघून हो म्हणायचं असतं, हे ध्यानात यायला चार सेकंद लागतात आणि कपाळावर चार थेंब येतात. मग ते पेला फिरवतात, नाक घालतात, डोळे मिटतात. खरं तर वाइनला बूच लागल्याचा वास आहे का एवढंच बघायचं असतं. एकदाचे तिच्यात जर्दाळू, पावसात भिजलेली माती आणि आजोबांचं कपाट शोधत बसतात.

आणि मग येतं ते बदक. व्हांदे प्रांतातल्या शालां गावच्या बाजूचं, आत रक्त राहावं म्हणून गळा न चिरता मारलेलं, अर्धकच्चं भाजलेलं. आधी ते ताटात सबंध दाखवतात. वरसंशोधनासारखा प्रकार, एकदाचे होकार देतात. मग जेवणाऱ्यांच्या देखत सुरी चालते, छातीचं मांस पातळ कापांत वेगळं होतं, आणि उरलेला सांगाडा चांदीच्या प्रेसमध्ये जातो. हे यंत्र दिसायला एखाद्या जुन्या छापखान्याच्या प्रेसचं देखणं भावंड. वरचं चाक फिरू लागतं, आत हाडं कुरकुरतात आणि खालच्या तोटीतून गडद लाल रस टपकू लागतो. त्यात बदकाचं काळीज, कोन्याक आणि मादेरा वाइन पडून मंद आचेवर सॉस घट्ट होत जातो. चॉकलेटच्या रंगाचा होईपर्यंत कारागीर बोलत नाही. आसपासची टेबलंही गप्प होतात. पाय पुन्हा आत जातात, भाजून दुसऱ्या फेरीत येतात.

हा सगळा वेळ श्री. एकदाचे फोनच्या पडद्यातून बघत असतात. बदक समोर येतं तेव्हा त्याचा वरून एक फोटो, बाजूने एक, मागे नोत्र दाम येईल असा एक. तिसऱ्या फोटोपर्यंत सॉसवर साय धरते. पहिला घास तोंडात जातो तेव्हा डोक्यात तो फाडलेला भागाकार पुन्हा सुरू असतो.

“कसं आहे?” सौ. विचारतात.

“अप्रतिम,” ते म्हणतात. घास अजून चावायचा असतो.

जेवणात खोट काढायला पैसे न मोजलेला माणूस लागतो. ७ जून १८६७ ला पॅरिसच्या काफे आंग्लेमध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा मुलगा, प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म आणि बिस्मार्क जेवायला बसले होते. सोळा पदार्थ, आठ तास. त्यावरही झारने फ्वा ग्रा, म्हणजे पोसलेल्या हंसाचं किंवा बदकाचं काळीज, का नाही म्हणून तक्रार केली, असं सांगतात. तो जूनमध्ये खाण्याचा पदार्थ नव्हे, असं त्याला उत्तर मिळालं. १९७५ साली न्यूयॉर्क टाइम्सचे खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांनी एका लिलावात ३०० डॉलर्सची बोली लावून अमेरिकन एक्स्प्रेसच्या खर्चाने कुठेही, कितीही महाग जेवण जिंकलं. पॅरिसच्या ‘शे दनी’मध्ये बल्लवाचार्य मित्र पिएर फ्रानेसह त्यांनी ३१ पदार्थ आणि ९ वाइन संपवल्या. बिल ४,००० डॉलर्स. बातमी पहिल्या पानावर आली, वाचकांनी संतापाची पत्रं धाडली, व्हॅटिकनमधूनही निषेध झाला. आणि क्लेबोर्न यांनी काय लिहिलं? शेवंड चिवट होता, कालवांची डिश कोमट झाली होती. एकदाचेंच्या पानात चिवट शेवंड पडला असता तर त्यांनी तो ‘फ्रेंच पद्धतीने घट्ट ठेवलेला’ म्हणून गिळला असता. दीड वर्षाचा डबा रिकामा करून आलेल्या माणसाला शेवंड चिवट लागणं परवडत नाही.

ठाण्याच्या एकदाचेंची गोष्ट थोडी वेगळी. सौ. माळकरी. आर्पेज नावाचं तीन ताऱ्यांचं रेस्टॉरंट पॅरिसातच आहे, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलेलं. तिथल्या आलँ पासार यांनी २००१ साली मटण-बीफ मेन्यूतून काढलं तरी तीन तारे ढळले नाहीत, आणि २०२५ मध्ये तर मध सोडून बाकी सगळं झाडापानांचंच केलं. सौ. म्हणाल्या, तिकडे जाऊ, दोघांचंही पोट भरेल. श्री. एकदाचेंनी दोन दिवस विचार करून उत्तर दिलं, “पण गाजराला नंबर नसतो.”

तेव्हा गेले ते तूर दार्जांलाच. रिवाजाप्रमाणे बदक एक आणि जेवणारे दोन. सौ. एकदाचेंनी भाज्या, सूप, चीज आणि पाव मागवला. राहिलेला अर्धा पक्षीही श्री. एकदाचेंच्या ताटात आला, आणि पैसे टाकलेलं अन्न मागे ठेवायचं नाही या घरच्या शिस्तीने तो पोटातही गेला. दुसऱ्या फेरीतले पाय येईपर्यंत ते खुर्चीच्या पाठीला टेकले होते. चीजच्या गाडीकडे त्यांनी बघितलं नाही. शेवटच्या गोड घासांचे दोन तुकडे सौ. एकदाचेंनी रुमालात बांधून घेतले; हॉटेलच्या खोलीवर ते बॅगेतल्या चिवड्याशेजारी झोपले.

बिल येतं तेव्हा ते बंद पाकिटातून येतं. फ्रान्समध्ये वाढणाऱ्यांचा मोबदला बिलातच धरलेला असतो, हे एकदाचेंनी तीनदा वाचलेलं. तरीही ते वर वीस युरो ठेवतात, पुन्हा उचलतात, दहा ठेवतात. उठताना नंबरचं कार्ड दोन्ही हातांनी घेतात, प्रसाद घेतल्यासारखं.

ते कार्ड आता ठाण्याच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये लागलंय. एका बाजूला मुलाच्या पदवीदानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला विठोबा. घरी आलेल्या प्रत्येकाला ही हकिगत टेबलाच्या बुकिंगपासून ऐकावी लागते. लिफ्ट, स्टूल, आठ किलोंची यादी, ‘उत्तम निवड’. परवा खालच्या मजल्यावरचे काका चहाला आले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बशीत चहा ओतत विचारलं, “पण लागत कसं होतं हो?”

एकदाचे थांबले. आतून सौ. म्हणाल्या, “लोणी फार छान होतं. पावाबरोबर देतात ते.”

एकदाचे उठले, भिंतीवरून फ्रेम काढली, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडा अकरा लाखांच्या पुढे जाईपर्यंत बोटाने मोजला.

“म्हणजे तुमच्या आधी एवढी बदकं खाऊन लोक गेले?”

“चॅप्लिनसुद्धा,” एकदाचे म्हणाले.