मुदतवाढीवरचा लॅपटॉप

महाराष्ट्रात सरकारी बाबूला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ मिळतो. लॅपटॉपला दहाव्या वर्षीच मिळतो. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’च्या निवृत्तीसाठी १४ ऑक्टोबर २०२५ हा मुहूर्त काढला. मग बाबू लोकांसारखीच मागच्या दाराने वर्षभराची मुदतवाढही दिली: १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यात, एका गोदामाच्या पत्र्याच्या केबिनमध्ये असाच एक मुदतवाढीवरचा लॅपटॉप आवक-जावक लिहितो. रॅम ४ जीबी. नव्या विंडोजलाही कमीत कमी तेवढीच लागते, त्यामुळे तिथे तो कागदोपत्री पास. अडला तो कुळावर. प्रोसेसर पाचव्या पिढीचा निघाला आणि इंटेलच्या घराण्यात सोयरिकीला साधारण आठवी पिढी लागते. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, म्हणजे चारित्र्याचा दाखलाच.

गंमत अशी की दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ हा सगळा पट्टाच गोदामांचा. मुंबईच्या वेशीवर जकात होती तेव्हा माल वेशीबाहेर उतरवणे व्यापाऱ्यांना परवडायचे. भातशेतीत पत्रे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. हिशेबनीस दिवसभर नव्या लॅपटॉपची खोकी पॅलेटवर मोजतो आणि ज्या यंत्रावर मोजतो, ते एक्सेलची फाइल उघडेपर्यंत त्याचा चहा पिऊन होतो.

“शेठ, नवा घेऊ या ना एक.”

“चालू होतो ना? मग?”

या ‘मग’ला भारतीय व्यापारात उत्तर नाही. रॅमच्या तुटवड्याचे म्हणाल, तर सरकारलाही त्याचा अनुभव आहे. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल गठ्ठ्याने परत केले होते. त्यांची रॅम २ जीबी आणि त्यावर पोषण ट्रॅकर चालवायचा! बाळांचे वजन भरता भरता मोबाइलच कुपोषित निघाला.

शेवटी हिशेबनिसाने पदरच्या पैशाने रॅम मागवली. पार्सलचा प्रवास मोबाइलवर दिसत होता: ‘भिवंडीहून निघाले’, ‘भिवंडीत पोहोचले’, ‘भिवंडीहून निघाले’. बहुधा रस्त्यापलीकडच्याच पत्र्याखाली ते पडून असावे, पण खड्ड्यांतून चालत जाऊन मागता येत नाही. चौथ्या दिवशी आले ते डीडीआर४. जागा होती डीडीआर३एलची. २६० पिनांची पट्टी २०४ पिनांच्या खोबणीत बसत नसते. खाचच वेगळ्या ठिकाणी. गुण जुळले असते तरी मंगळ आडवा आलाच असता.

नवा लॅपटॉप घ्यावा, तर एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचा बाजार असा उचलला की मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला ‘क्रूशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. एआयला शुभेच्छापत्रे लिहिता यावीत म्हणून हिशेबनिसाने थांबायचे.

मग तोच जुना मार्ग. रविवारी ठाणे, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलेला, पण सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड असलेला रस्ता. तिथल्या टेबलावरच्या पोऱ्याने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू चहाच्या बशीत काढले, सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवली आणि पंखा उघडून दाखवला. आत राखाडी धुळीची घट्ट वाकळ होती. ट्रकांची धूळ, खोक्यांचा भुसा आणि यंत्रमागांच्या गावातले कापसाचे तंतू, सगळे एकत्र विणलेले.

“रॅम नंतर बघू, भाऊ. आधी ह्याला श्वास घेऊ द्या.”

कारण साधे आहे. पंख्याची वाट तुंबली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. लोक म्हणतात, म्हातारा झाला. पोऱ्याने रंगाऱ्याच्या ब्रशने जाळी झाडली, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. रॅमच्या सोनेरी पिना शाळेच्या खोडरबराने घासल्या, जुनी ८ जीबीची पट्टी तिरकी धरून खोबणीत घातली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन बसल्या.

सोमवारी फाइल चहाच्या पहिल्या घोटाला उघडली. लगेच पडद्यावर पट्टी आली की हा संगणक नव्या विंडोजसाठी पात्र नाही. हिशेबनिसाने ती बंद केली, खालून वारा लागावा म्हणून डीडीआर४चे रिकामे खोके लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली सरकवले आणि सकाळच्या पहिल्या गाडीची नोंद केली: लॅपटॉप, नवे, दोन पॅलेट.