रॉकेलखाली दोन रेघा

डिसेंबर संपत आला की आमच्या घरी डायऱ्या येतात. विकत कुणी आणत नाही. एक विमा एजंट देतो, एक बँकेतून येते, एखादी औषध कंपनीची असते, ती डॉक्टर मेव्हणा देतो. त्यातली रेक्झिनची, सोनेरी कडांची जी असेल ती ‘चांगली आहे, राहू दे’ म्हणून कपाटात जाते आणि चार वर्षांनी तिच्यात भिशीचा हिशेब लिहिला जातो.

पहिलं पान मात्र झाडून सगळ्या डायऱ्यांचं भरलेलं असतं. नाव, पत्ता, रक्तगट. काही चौकस डायऱ्या बुटाचं मापही विचारतात. ‘अपघात झाल्यास कोणास कळवावे?’ यापुढे आमच्या काकांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, “मग? मला नको का कळायला?”

रोज डायरी लिहा, मन मोकळं होतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होत असेल. पण मोकळं झालेलं ते मन पुढे वाचवत नाही, त्याचं काय? माझ्या कॉलेजातल्या वहीत एका तारखेला लिहिलंय : ‘आज फार रितं वाटलं. माणूस शेवटी एकटाच.’ हे कुणामुळे वाटलं, का वाटलं, काही म्हणता काही आठवत नाही. त्याच्याच खाली आहे : ‘वडापाव दोन. सुट्टे नव्हते, लिमलेटच्या गोळ्या दिल्या.’ हे वाचलं आणि तो गाडीवाला, त्याची काळी कढई, त्या गोळ्यांवरून मित्राशी झालेली बाचाबाची, सगळं हजर! रितेपण बहुधा त्या दुसऱ्या वड्यानंतर गेलं असावं. तशी नोंद नाही.

तेव्हा माझं मत असं, की डायरीत थोर विचार लिहूच नयेत. ते पुस्तकांत भरपूर असतात. बाजारभाव लिहावेत.

लंडनच्या सॅम्युएल पीप्सला हे कुणी न सांगता कळलं होतं. आरमाराच्या कचेरीतला हा अधिकारी १ जानेवारी १६६० पासून मे १६६९ पर्यंत, म्हणजे डोळे जातील या धास्तीने थांबेपर्यंत, रोजनिशी लिहीत होता. १६६६ साली लंडनला आग लागली. शहर जळतंय, आणि या गृहस्थाने बागेत खड्डा खणून त्यात दारू आणि आपलं पार्मेझान चीज पुरलं. वर तशी नोंदही केली! आगीची माहिती इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल, पण घर सोडायची पाळी आली तर माणूस पहिल्यांदा काय वाचवतो, हे सांगायला पीप्सच लागतो. लिहीत होता लघुलिपीत. पुढे एका गरीब विद्यार्थ्याने तीन वर्षं घासून ती लिपी उलगडली. तिची किल्ली असलेलं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, हे त्या बापड्याला कुणी सांगितलंच नाही.

लपवून लिहिण्यामागचं कारण जगभर एकच : घरातली माणसं. टॉलस्टॉयने उलटा मार्ग धरला. लग्नाआधी आपण पत्रिका दाखवतो. त्याने १८६२ साली नियोजित वधूला, सोफियाला, आपल्या डायऱ्याच वाचायला दिल्या. तरुणपणीच्या सगळ्या भानगडींसकट. छत्तीस गुण जुळत असते तरी हे वाचून अठराच उरले असते. तरी लग्न झालं, आणि ते जन्मभर धुमसलं. म्हातारपणी त्याने एक गुप्त डायरी बुटात लपवली, तर ती बाईंना सापडली. आपल्याकडे बारा महिने चप्पल. तीही सोय नाही. हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” हा माझ्यावरचा विश्वास की माझ्याविषयीचं मत, हे विचारायचं मी टाळलं.

आमच्या घरातली खरी रोजनिशी आई लिहिते. वही वगैरे काही नाही, भिंतीवरचं ‘कालनिर्णय’. १९७३ साली ते निघालं, तेव्हापासूनची सगळी आमच्याकडे सुतळीने बांधून ठेवलेली आहेत. एकादशी आणि संकष्टीतून उरलेल्या बोटभर जागेत आईची लघुलिपी चालते. ‘दू. ना.’ म्हणजे दूध नाही. ‘मा. ना.’ म्हणजे भांडीवाल्या मावशी आल्या नाहीत. ‘ग. ला.’ म्हणजे गॅस लावला. फुली मारली असेल तर पाहुणे. दोन फुल्या असतील तर मुक्कामी पाहुणे.

माझ्या जन्माची तारीख मी मुद्दाम काढून पाहिली. आई दवाखान्यात, त्यामुळे त्या चौकोनात आजीचं अक्षर आहे : ‘मुलगा झाला. रॉकेल मिळालं.’ यातल्या रॉकेलखाली दोन रेघा आहेत.

परवा घराला रंग काढायचा म्हणून मी आईला म्हटलं, “ही सगळी रद्दीत देऊ या का? जागा अडते.”

“एकोणनव्वदचं काढून ठेव आणि मग दे,” आई म्हणाली.

मला वाटलं, त्या साली काहीतरी हृद्य घडलं असणार. “का गं? त्यात काय आहे?”

“मे महिन्यात आपण सगळे गावाला होतो. तरी पेपरवाल्याने अख्ख्या महिन्याचे पैसे लावले. आता त्याचा मुलगा येतो ना पेपर टाकायला, त्याला दाखवायचंय.”