निळ्या टिकेची हजेरी

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं आणि राज्याला घोषवाक्य मिळालं, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. झकास होतं. त्याला ना रेंज लागत होती, ना रिचार्ज.

पोरांना मात्र दोन्ही लागत होतं. देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय आहे, असं 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आधीच सांगून ठेवलं होतं. मग उरलेल्या पंच्याऐंशी घरांची सोय? सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप!

घरात स्मार्टफोन असलाच तर तो बापाच्या खिशात, आणि बाप रानात. संध्याकाळी तो परतला की आधी दादाचा तास, कारण दादा दहावीला. ताईचा नंबर भाकऱ्या थापून झाल्यावर, तोही बॅटरी उरली तर. आईला गुरुजींचा निरोप: ‘पाल्याचा अभ्यास घ्या, फोटो काढून ग्रुपवर टाका.’ दिवसभर खुरपून आलेल्या माउलीने फोटो टाकला, शेजारच्या पोराच्या हातापाया पडून.

गुरुजी तरी कुठे मोकळे होते? कधी चेकपोस्टवर गाड्या अडवायच्या, कधी घरोघर ताप मोजत फिरायचं, आणि रात्री गूगल फॉर्म: आज किती विद्यार्थी ऑनलाइन होते? ‘तात्काळ कळवा.’ खरा आकडा कळवावा तर खुलासा द्यावा लागणार. त्यापेक्षा निळ्या टिका मोजून हजेरी लावलेली बरी. ज्याच्या घरी फोनच नाही, तो बिचारा गैरहजरसुद्धा लागेना.

2021 मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला 99.95 टक्के. कौतुक करायचं तर उरलेल्या 0.05 टक्क्यांचं करावं. न झालेल्या परीक्षेत मागे राहायलाही अंगात कर्तबगारी लागते.

आता पोरं वर्गात परतली, त्यालाही वर्षं झाली. गुरुजी मात्र अजून ऑनलाइनच आहेत. यू-डायस भरा, आधार जुळवा, अपार आयडी काढा, वृक्षारोपणाचे फोटो लिंकवर चढवा. सतराचा पाढा म्हणून दाखवायला पोरगं टेबलापाशी ताटकळतंय आणि गुरुजी ओटीपीची वाट बघताहेत.

तेव्हा पोरांकडे फोन नव्हता म्हणून शिकणं अडलं. आता गुरुजींकडे आहे म्हणून अडतंय.