बिनसमुद्राचं बंदर

चाकणला समुद्र नाही. घाट उतरून सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेल्याशिवाय खारं वारं अंगाला लागत नाही. तरी इथल्या टपरीवर चहा घेताना 'कंटेनर न्हावाशेव्याला लागला का?' ही चौकशी अशी होते, जणू मागच्या गल्लीतच धक्का आहे. इथली मोटार मेक्सिकोला जाते, मोटरसायकल युरोपात आणि कांदा आखातात. बंदराच्या गावाला लागतं ते सगळं इथं आहे: परमुलखातली माणसं, चार-पाच भाषा, रात्रभराची वर्दळ आणि भाव पडण्याची धास्ती. फक्त भरती-ओहोटी चंद्रावर न होता शिफ्टवर होते.

कोकणाची ओढही आजची नाही. पंधराव्या शतकात मलिक-उत्-तुज्जार या बहमनी सरदाराने चाकणला ठाणं केलं, ते कोकण जिंकण्यासाठी. तिथल्या शिर्क्यांनी 'चला, वाट दाखवतो' म्हणून त्याला जंगलात नेलं आणि बऱ्याचशा फौजेसकट तो तिथेच संपला. कोकणात उतरताना वाटाड्या पारखून घ्यावा, हा त्यातला धडा. हल्ली तो मोबाइलमधून वळणं सांगणाऱ्या बाईलाही लागू पडतो.

भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबांनी ध्यान केलं असं सांगतात. तिथल्या लेण्यांपाशी उभं राहून खाली पाहिलं तर शिवारात बाजरीच्या जागी पत्र्याची छपरं पिकलेली दिसतात. आधी दुचाकींचा कारखाना आला, २००९ मध्ये जर्मन मोटारींचा, मग एकामागून एक. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी ही गावं सात-बाराच्या उताऱ्यावरून थेट कंपनीच्या पत्त्यावर गेली.

पण चाकणचा पिढीजात गुण म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडकवणं. दशरथाच्या रथाचं चाक इथे निखळून पडलं, अशी चक्रेश्वराच्या देवळाची आख्यायिका आहे. या रस्त्यावर वाहन बंद पडल्याची ती पहिली नोंद म्हणायची. पुढे १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखान आला. चाकणचा किल्ला संग्रामदुर्ग हा साधा भुईकोट. ना कडा, ना सुळका, नुसता तट आणि खंदक. तरी किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी खानाला जवळजवळ दोन महिने चिखलात बसवून ठेवलं. सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हा कुठे किल्ला पडला. सपाटीवरच्या गढीला एवढे दिवस, तर सह्याद्रीतल्या किल्ल्यांना किती, हा हिशोब खानाने बोटांवर नक्की केला असणार. आज पडक्या तटाला चारी बाजूंनी वस्ती भिडली आहे. वेढा उठलेला नाही. मोगलांच्या जागी घरं आली, इतकंच.

मग आले शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेतली नोकरी सोडून त्यांनी जवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि कांदा पिकवायला काय पडतं नि हातात काय येतं, याचा रोकडा हिशोब मांडला. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकरी चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर बसले. रस्ता अडवला की सरकारला ऐकू येतं, हे महाराष्ट्राला दाखवणाऱ्या गावांत चाकणचं नाव पहिल्या ओळीत आहे.

आता तळेगाव चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेला ट्रेलर हलत नाही. शेजारी कांद्याच्या गोण्यांचा टेम्पोही हलत नाही. वाऱ्याने गोणीतला गुलाबी पापुद्रा उडतो आणि बॉनेटच्या पांढऱ्या संरक्षक कागदावर जाऊन चिकटतो. दोघांनाही समुद्र गाठायचा आहे. ट्रेलरवाला कानपूरकडच्या हिंदीत, टेम्पोवाला खेडच्या मराठीत, एकाच आशयाचं काहीतरी बोलतात. मधल्या फटीतून काकडीवाला मात्र झपाट्याने पुढे जातो. चाकणमध्ये वेळेवर पोचणारा माल तेवढाच.

खानाला निदान किल्लेदाराशी बोलणी लावता येत होती. १९८० च्या रस्ता रोकोला पुढारी होता, मागणी होती, कांद्याला अमुक भाव द्या म्हणून सांगता येत होतं. आजची कोंडी कोणी पुकारलेली नाही. तिला निवेदन नाही, शिष्टमंडळ नाही, घोषणा नाही. त्यामुळे ती मागे घ्या म्हणून विनंती करायची कोणाला, या एकाच मुद्द्यावर शासन, कारखानदार आणि शेतकरी यांचं पूर्ण एकमत आहे.