समुद्राकडे पाठ करून

दक्षिण गोव्याच्या पंचतारांकित रिसॉर्टात सहकुटुंब जायचं ते समुद्रासाठी, असं बुकिंग करताना सगळेच म्हणतात. ‘सी व्ह्यू’चे वेगळे पैसे मोजायचे, दिवसाचं भाडं साडेसात हजारांवर गेलं म्हणून 18 टक्के जीएसटी भरायचा, आणि मग दिवसभर तरणतलावात डुंबायचं. समुद्राचं पाणी म्हणे खारट असतं.

खरी मोहीम नाश्त्याची. तो भाड्यातच धरलेला, म्हणजे वसूल करणं आलंच. बाबा दार उघडायच्या आधीच हजर; इडली, आम्लेट, क्रोसाँ, वर पुन्हा पोहे. आई पेपर नॅपकिनात दोन मफिन गुंडाळून पर्समध्ये सरकवते. ‘‘दुपारी मुलांना लागतील.’’ दुपारी खोलीतल्या किटलीत मॅगी शिजते, कारण मेनूकार्डावरच्या डाळभाताची किंमत आजीला सांगायची कोणाची छाती नाही.

किनारा कायद्याने सगळ्यांचाच. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट मोकळी करा, असं 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्यापायी तिथल्या एका हॉटेलाचा काही भाग पाडावा लागणार होता. मग राज्य सरकारने भूसंपादनाचा कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. हॉटेल बचावलं. पाहुणचाराची एवढी हौस दुसऱ्या कुठल्या सरकारला असेल?

बाबांना यात रस नाही. गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग मिळतो, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी हेरून ठेवलंय.